जाणता कान, अजाण हात

(पेडल स्टील गिटार आणि उशिरा शिकणारा विद्यार्थी)

— एक विद्यार्थिनी, द्वितीय वर्ष कला

मानसशास्त्राच्या तासाला सरांनी एकदा फळ्यावर प्रश्न लिहिला : 'पन्नाशी उलटलेल्या माणसास एखादे अवघड कौशल्य मुळापासून शिकता येते काय?' 'येत नाही' म्हणणाऱ्यांनी हात वर करावेत असे ते म्हणाले, तेव्हा मोजके सोडून साऱ्या वर्गाचे हात वर गेले. त्यात माझाही होता. मागच्या बाकावरून कोणीतरी, "ओली फांदी वाकते सर, वाळलेली मोडते," असे म्हणालेही. सर हसले आणि तोच प्रश्न त्यांनी आम्हांला ट्यूटोरियलसाठी देऊन टाकला. अट एकच घातली : नुसते मत नको, एक उदाहरण घेऊन ते तपासा.

मी संगीत निवडले. त्याला घरचे एक कारण होते, ते पुढे येईलच. वाद्य निवडताना मात्र मी जरा आडवाटेने गेले. सोपे वाद्य घेऊन काही सिद्ध होत नाही. 'ते काय, कोणालाही येते' असे म्हणून लोक मोकळे होतात. म्हणून शिकायला अतिशय कठीण असा ज्याचा लौकिक आहे ते अमेरिकेतले पेडल स्टील गिटार मी घेतले. हे वाद्य मी प्रत्यक्ष पाहिलेले नाही. जे लिहिते आहे ते वाचून, ऐकून आणि वहीच्या कागदावर त्याच्या तारा आखून, हे आधीच सांगून टाकलेले बरे.

वाद्य अपरिचित असले तरी त्याच्या घराण्याचा आवाज आपल्या कानांवरून गेलेला आहे. हिंदी चित्रपटगीतांच्या धुना हवाईयन गिटारवर वाजविलेल्या असत. व्हॅन शिप्ले, सुनील गांगुली यांच्या तशा तबकड्या घरोघरी वाजल्या. गाण्याचे शब्द नसतात, पण सूर असा ओढत, लहरत जातो की शब्द आपोआप ओठांवर येतात. तीच गिटार पंडित ब्रिजभूषण काब्रा यांनी रागसंगीतात आणली. शिवकुमार शर्मा व हरिप्रसाद चौरसिया यांच्यासह १९६७ साली निघालेल्या 'कॉल ऑफ द व्हॅली' या ध्वनिमुद्रिकेत ऐकू येते ती गिटार त्यांचीच. पुढे विश्वमोहन भट्ट यांच्या मोहनवीणेला १९९४ साली ग्रॅमी पारितोषिक मिळाले. या साऱ्यांत एक गोष्ट समान आहे. डाव्या हाताची बोटे तारा दाबत नाहीत. हातात धरलेली पोलादी कांडी तारांवरून सरकते.

ही युक्ती हवाई बेटांवरची. ओआहू बेटावरील जोसेफ केकुकू या मुलाला १८८९ च्या सुमारास ती सुचली असे मानतात; रेल्वेच्या रुळांवरून चालताना सापडलेला लोखंडी बोल्ट त्याने तारांवर घासला, अशी आख्यायिका आहे. मूळ भारतातून तिकडे गेलेल्या गॅब्रिएल डेव्हियन नावाच्या तरुणाने हे त्याआधीच केले होते, असाही एक जुना दावा आहे. खरे कोणाचे, या वादात मी पडत नाही. १९१५ साली सॅन फ्रान्सिस्कोच्या जागतिक प्रदर्शनात हवाईच्या वादकांनी लोकांना वेड लावले आणि हे संगीत अमेरिकाभर पसरले. १९३२ साली रिकनबॅकरची विजेवर चालणारी स्टील गिटार विक्रीस आली. ती दिसायला तव्यासारखी असल्याने तिचे नावच 'फ्राइंग पॅन' पडले.

आता पेडलांची गरज का भासली ते पाहू. कारण वाद्याचा सगळा कठीणपणा तिथूनच सुरू होतो. कांडी सरळ असते. ती पुढे सरकवली की तिच्याखालच्या साऱ्या तारा सारख्याच चढतात, मागे घेतली की सारख्याच उतरतात. म्हणजे तारा जर सा-ग-प अशा जुळविल्या असतील, तर कांडी कुठेही न्या, सा-ग-प हीच आकृती वर-खाली होणार. आपल्या संगीताला याची अडचण नाही. आपण एका वेळी एक सूर घेऊन त्याची मींड काढतो, आणि मींडेला एक तार व एक कांडी पुरे. टाऊ मो हे हवाईचे वादक १९४० च्या दशकात काही वर्षे कोलकात्यात राहिले, तिथे स्टील गिटारचा मोठा नाद लागला, पण पेडलांचे वाद्य आपल्याकडे रुजले नाही, त्याचे कारण मला तरी हेच दिसते. पाश्चात्त्य संगीताचा जीव मात्र एकाच वेळी वाजणाऱ्या तीन-चार सुरांच्या मेळात असतो आणि तो मेळ सतत बदलावा लागतो. त्यासाठी वादकांनी प्रथम एकाच वाद्याला वेगवेगळ्या जुळणीच्या दोन-दोन, तीन-तीन, चार-चार माना बसविल्या. मग कोणाकोणाला सुचले की मान बदलण्याऐवजी पायाने तारच ओढावी.

प्रारंभी पेडलचा उपयोग एवढाच होता, की दोन तुकड्यांच्या मध्ये जुळणी झटकन बदलून घ्यायची. १९५३ च्या अखेरीस बड आयझॅक्स या वादकाने वेब पियर्सच्या 'स्लोली' या गाण्यात तार वाजत असतानाच पेडल दाबले. १९५४ साली ते गाणे गाजले. एक सूर जागेवर स्थिर आहे आणि दुसरा त्याच्या शेजारून वर चढत त्याला येऊन मिळतो, असा आवाज श्रोत्यांना नवा होता. बाकीचे स्टीलवादक आपापली वाद्ये उघडून तारा नि सळ्या जोडत बसले. वाद्य आजच्या रूपाला आले ते त्यानंतरच्या दहा-बारा वर्षांत, आणि त्यात बडी एमन्स (१९३७-२०१५) या वादकाचा वाटा फार मोठा. पहिल्या दोन तारा त्याच्याच डोक्यातून आल्या.

त्या तारा मी आपल्या सरगमेत मांडून पाहिल्या, तेव्हा कुठे मला वाद्य कळू लागले. वाद्याला दहा तारा असतात आणि ते टेबलासारखे चार पायांवर आडवे उभे असते. वादकापासून सर्वांत लांबची ती पहिली तार. नॅशव्हिलमध्ये रूढ झालेल्या जुळणीतला मुख्य सूर सा मानला, तर पहिल्या तारेपासून दहाव्या तारेपर्यंतचे सूर असे येतात : रे, नी, ग, सा, प, ग, रे, सा, कोमल नी, प. येथेच नवख्याची पहिली फसगत होते. पहिली तार सर्वांत उंच असावी अशी आपली अपेक्षा. पण उंच आहे ती तिसरी, आणि एमन्सच्या त्या पहिल्या दोन तारा तिच्याहून खालच्या. डोळा एक क्रम सांगतो आणि कान दुसरा.

पायाखाली सामान्यतः तीन पेडले असतात. पहिले दाबले की पंचमाच्या दोन्ही तारा धैवतावर जातात. दुसरे दाबले की गंधाराच्या दोन्ही तारा मध्यमावर. दोन्ही एकदम दाबली की सा-ग-पचा सा-म-ध होतो आणि कांडी जागची हललेलीही नसते. षड्ज मात्र दोन्ही मेळांत तसाच वाजत राहतो. पहिले पेडल एकटे दाबले तर सा-ग-ध, म्हणजे करुण छटेचा मेळ. तिसऱ्या पेडलाने वरचा षड्ज ऋषभावर जातो आणि पंचम धैवतावर. एवढ्यावर भागत नाही. दोन्ही गुडघ्यांना लागून तरफा असतात. त्यांतली एक षड्जाला कोमल ऋषभाकडे ढकलते, दुसरी निषादाकडे उतरवते. या साऱ्यांची सांगड घातली की एकच मेळ तीन वेगवेगळ्या जागी मिळतो : समजा तिसऱ्या रेघेवर काही न दाबता जो मेळ आला, तोच सहाव्या रेघेवर पहिले पेडल व एक तरफ दाबून येतो आणि दहाव्या रेघेवर पहिली दोन पेडले दाबून येतो. मी हे कागदावर सोडवून पाहिले तेव्हा गणिताचे कोडे सुटल्यासारखा आनंद झाला. वाजवणे अर्थात वेगळे.

वाजवणाऱ्याची बैठक डोळ्यांसमोर आणा. उजव्या हाताच्या अंगठ्यात नि दोन बोटांत नख्या. डाव्या हातात दोनशे ग्रॅमच्या आसपास वजनाची गुळगुळीत कांडी, आणि तिच्यामागची बोटे तारांवर हलकेच टेकलेली, नाहीतर कांडीच्या मागचा तारेचा भाग कुरकुरतो. डावे पाऊल पेडलांवर, तेही असे आडवे की पाऊल कलवले तर दोन पेडले एकत्र दबावीत, सरळ केले तर एकच. डावा गुडघा तरफांच्या मध्ये, उजवाही तरफांच्या मध्ये. उजवे पाऊल आवाजाच्या पेडलवर. तारेचा आवाज विरू लागला की ते हळूहळू दाबायचे, म्हणजे सूर लांब टिकतो. नवखा माणूस ते शिवणयंत्रासारखे हापसतो आणि सूर उचक्या दिल्यासारखा येतो. शिवाय उजव्या हाताचे अर्धे काम सूर काढण्याचे आणि अर्धे तो थांबवण्याचे. न थांबवलेली तार पुढच्या मेळात घुसते आणि सगळा चिखल होतो. दोन हात, दोन पाय, दोन गुडघे. सहा अवयवांना सहा कामे, आणि ती एकाच क्षणी.

पण माझ्या मते खरी अडचण ही नव्हे. सहा कामे शिंपीही करतो. एक हात कापड पुढे सारतो, दुसरा ते ताणतो, पाय पट्टीवर, डोळा टाक्यावर, आणि तोंडाने तो गिऱ्हाइकाशी बोलतही असतो. फिट्स आणि पोझनर या मानसशास्त्रज्ञांनी १९६७ साली कौशल्य शिकण्याच्या तीन पायऱ्या सांगितल्या, त्या आमच्या अभ्यासक्रमात आहेत. आधी माणूस विचार करकरून करतो, मग चुका गाळत जातो, आणि शेवटी विचार न करता करतो. पहिल्या पायरीवर पेडल स्टील फार छळते. 'आता कोणते पेडल' असा विचार करीपर्यंत सूर मरून जातो. तरी ती पायरी ओलांडता येते. ज्येष्ठ माणसाला येथे एक फायदाही आहे. तीन-सहा-दहासारखा नियम त्याला एकदा समजावला की तो धरून ठेवतो. दहा वर्षांच्या मुलाला तेच पन्नास वेळा वाजवून घ्यावे लागते.

खरी अडचण रेघांची आहे. साध्या गिटारला किंवा सतारीला धातूचे पडदे असतात. बोट थोडे मागे पडले तरी पडदा सूर सांभाळून घेतो. हार्मोनियमची पट्टी दाबली की सूर आलाच, तो लहान मुलाने दाबो की उस्तादाने. पेडल स्टीलवर पडद्यांच्या जागी नुसत्या रंगवलेल्या रेघा असतात. तार त्यांना टेकतच नाही. कांडी रेघेच्या बरोबर वर हवी, आणि ती बरोबर वर आहे की नाही हे डोळ्यांना नीट कळत नाही, कारण मान जरा कलली की रेघ सरकल्यासारखी दिसते. निर्णय शेवटी कानाचा. केसभर चूक झाली तरी ती लपवायला वाद्यात जागा नाही. उलट आवाज लांब टिकत असल्याने चूकही लांब टिकते.

आणि येथे वयाचा प्रश्न उलटाच होऊन समोर येतो. सात वर्षांचे मूल व्हायोलिन कर्कश वाजवते तेव्हा ऐकणाऱ्यांना त्रास होतो, मुलाला फारसा होत नाही. त्याचा कान त्याच्या हाताबरोबर वाढतो. पन्नाशीच्या माणसाचे तसे नाही. त्याने चाळीस वर्षे हेच संगीत ऐकलेले असते, उत्तम वादकांचे ऐकलेले असते. त्याचा कान पन्नास वर्षांचा आणि हात एका दिवसाचा. हाताने केलेली प्रत्येक चूक कानाला तत्काळ कळते. लोक म्हणतात वय झाल्यावर शिकण्याची शक्ती कमी होते. मला वाटते त्याहून आधी कमी होते ती आपलीच वाईट वाजवणी सोसण्याची शक्ती.

शक्तीचे म्हणाल, तर त्यावर पुरावा बराच जुना आहे. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ थॉर्नडाइक यांनी १९२८ साली प्रौढांच्या अध्ययनावर ग्रंथ लिहिला. त्यांनी प्रौढांना डाव्या हाताने लिहायला लावले, एस्परांतो ही कृत्रिम भाषा शिकवली, आणि निष्कर्ष काढला की विशी-पंचविशीनंतर पंचेचाळिशीपर्यंत शिकण्याची क्षमता दरवर्षी सुमारे एक टक्क्याने घटते. एक टक्का म्हणजे काही दार बंद होणे नव्हे. जेनिफर ब्यूगोस आणि त्यांचे सहकारी यांनी २००७ साली ६० ते ८५ वयाच्या एकतीस जणांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ज्यांना सहा महिने पियानो शिकवला, त्यांची लक्ष व कामाचा वेग मोजणाऱ्या काही चाचण्यांत प्रगती दिसली. हा अभ्यास पुष्कळ ठिकाणी उत्साहाने सांगितला जातो. पण ती माणसे पियानो कसा वाजवू लागली हे त्यातून कळत नाही, आणि मला तर तेच हवे होते.

कानाच्या म्हातारपणाचेही असेच आहे. वयानुसार ऐकू येणे कमी होते ते आधी फार उंच आवाजांत. पेडल स्टीलच्या सर्वांत उंच मोकळ्या तारेचा सूर सेकंदाला सुमारे ४१५ कंपनांचा, बाराव्या रेघेवर तो ८३० च्या जवळ जातो. म्हातारपणी जे जाते ते याच्या कितीतरी वरचे असते. कोणताही सूर ऐकून त्याचे नाव सांगण्याची जी दुर्मीळ देणगी असते ती बहुधा बालपणीच येते, हे खरे; पण या वाद्याला ती लागतही नाही. एका सुराच्या मानाने दुसरा कुठे आहे एवढे कळावे लागते, आणि ते कोणत्याही वयात सुधारते. म्हणूनच एखादा स्थिर सूर सतत वाजत ठेवून त्याच्याशी कांडी जुळवत बसावे, हा सराव नवशिक्यास सांगतात. आपल्याकडे यालाच तंबोऱ्यासमोर बसणे म्हणतात.

या जुळवण्यातली एक गंमत नमूद केल्याशिवाय राहवत नाही. पेडल स्टीलवाले गंधाराची तार यंत्र सांगते त्यापेक्षा मुद्दाम थोडी खाली लावतात. पियानोचा व हार्मोनियमचा गंधार नैसर्गिक गंधारापेक्षा किंचित चढा असतो आणि लांब टिकणाऱ्या स्टीलच्या मेळात तो चढेपणा टोचतो. नॅशव्हिलचे शिक्षक जेफ न्यूमन (निधन २००४) यांनी कोणती तार किती उतरवावी याचा तक्ताच करून दिला होता. तंबोऱ्याच्या खर्जाच्या तारेतून आपोआप ऐकू येणारा जो गंधार, त्याच्याच जवळ हे लोक आपल्या वाटेने पोचले. हार्मोनियमवर आपल्या जाणकारांनी जे आक्षेप घेतले त्यांत हाही एक होता, आणि १९४० पासून १९७१ पर्यंत आकाशवाणीवर पेटीला बंदी होती.

आता माणसांची उदाहरणे. जेरी गार्सिया हा 'ग्रेटफुल डेड' या प्रसिद्ध वाद्यवृंदाचा गिटारवादक. १९६९ साली, सत्ताविसाव्या वर्षी, त्याने पेडल स्टील हाती घेतले. त्याच वर्षी त्याने 'टीच युअर चिल्ड्रन' या गाण्यात ते वाजवले आणि तो तुकडा आजही लोकांना पाठ आहे. म्हणजे हा माणूस जिंकला म्हणायचा. पण १९७१ च्या अखेरीस ज्या वृंदात तो हे वाद्य वाजवी तेथे बडी केज आला आणि गार्सियाने पुढे हे वाद्य क्वचितच हाती धरले. साध्या गिटारवर जग जिंकलेल्या माणसाला या वाद्यावर पुन्हा बालवर्गात बसावे लागत होते. दुसरे उदाहरण वाद्याने वेगळे, पण प्रश्नाने जवळचे. जॉन होल्ट या शिक्षणतज्ज्ञाने चाळिसाव्या वर्षी चेलो हे मोठे तंतुवाद्य शिकायला घेतले. त्यालाही पडदे नाहीत. १९७८ साली 'नेव्हर टू लेट' या पुस्तकात त्याने आपली हकीकत लिहिली. मुले का नापास होतात यावर ग्रंथ लिहिणारा हा माणूस स्वतः चुका करायला बसला, हे मला फार आवडले. न्यूयॉर्कचे मानसशास्त्रज्ञ गॅरी मार्कस यांनीही चाळिशीच्या उंबरठ्यावर गिटार शिकून २०१२ साली त्यावर पुस्तक लिहिले.

दुसरी बाजूही प्रामाणिकपणे मांडली पाहिजे. पेडल स्टीलच्या थोर वादकांत पन्नाशीला सुरुवात केलेला एकही मला सापडला नाही. एमन्सच्या हाती स्टील गिटार आली ती अकराव्या वर्षी, आणि अठराव्या वर्षी तो नॅशव्हिलला पोटापाण्यासाठी वाजवत होता. पोट भरण्याइतके शिकायचे तर वाळलेली फांदी मोडते, हे मी ट्यूटोरियलमध्ये मान्य केले. पण सरांनी फळ्यावर 'शिकता येते काय' एवढेच लिहिले होते. एखादे संथ गाणे, तिसऱ्या रेघेवरून दहाव्या रेघेपर्यंत, कोणाच्या कानाला न टोचता वाजवणे यालाही शिकणेच म्हणतात. आणि तेवढ्यापुरते, रोज अर्धा तास मिळणाऱ्या माणसाला काही वर्षांत ते न येण्याचे कारण मला वाचनात कुठेही आढळले नाही. अडते ते पहिल्या काही महिन्यांत, जेव्हा घरातली माणसे दार लावून घेतात.

आता घरचे कारण. माझे वडील, आबा, गावच्या भजनी मंडळात पंचवीस वर्षे टाळ धरतात. अभंग पाठ, चाली पाठ, कोण कुठे बेसूर झाला ते मान न वळवता सांगणार. गेल्या वर्षी मंडळाची पेटी वाजवणारे बुवा मुलाकडे राहायला गेले आणि पेटी आमच्या घरी येऊन पडली. आबांचे वय तेव्हा एक्कावन्न. त्यांनी पेटी उघडली, दोन-चार पट्ट्या दाबल्या आणि मी अभ्यासाच्या वहीतून डोके वर न काढता म्हणाले, "आबा, आता या वयात?" त्यांनी काही उत्तर दिले नाही. भाता बंद केला, वर पंचा टाकला. आठ-दहा दिवसांनी वर्गात मी हात वर केला, तो असा.

ट्यूटोरियल लिहून झाल्यावर एका रविवारी मी त्यांना अमेरिकेतल्या या वाद्याची सगळी गोष्ट सांगितली. पडदे नसलेल्या रेघांपाशी ते थांबले. "म्हंजे चुकलं की चुकल्यालंच ऐकू येतं," ते म्हणाले. "पेटीत तेवढं बरं हाय. पर बोटं ऐकत न्हाईत गं. कान ऐकतो." माझा चार पानांचा मुद्दा त्यांनी तेवढ्यात सांगितला होता.

मग पेडल म्हणजे काय ते मी त्यांना पेटीवर दाखवायला गेले. सा, ग, प एकदम दाबायला सांगितले आणि म्हटले, "आता सा सोडायचा नाही. ग वरून म वर आणि प वरून ध वर, दोन्ही बोटं एकाच वेळी गेली पाहिजेत." आबांनी भाता ओढला. पहिल्या खेपेस मध्यम आला आणि धैवताऐवजी कोमल धैवत लागला. मला ते कळायच्या आत त्यांनी जीभ चावली. दुसऱ्या खेपेस षड्ज सुटला. तिसऱ्या खेपेस तीनही सूर लागले, तेव्हा ते भाता हलवत तसेच बसून राहिले. आई चहा घेऊन आली आणि उंबऱ्यातच थांबली. आबांनी बोटे परत सा-ग-पवर आणली आणि म्हणाले, "ह्यो गंधार जरा चढाच हाय, न्हाई का?"